चार बोटं सागवान

आमच्या घरातलं जेवणाचं टेबल मी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं.

तसं ते घरात मी बालवाडीत असल्यापासून होतं. त्यावर मी जेवले, पाढे पाठ केले, गोवर निघाला तेव्हा त्यावरच डोकं टेकून बसले. लपाछपीत त्याच्याखाली लपायचे, त्यामुळे खालून तर ते माझ्या चांगल्या ओळखीचं होतं: वाळवी लागू नये म्हणून सगळं काळ्या रंगानं फासलेलं. पण वरून ते कुणालाच दिसत नसे. सगळ्यात वर द्राक्षं आणि अननस छापलेलं मेणकापड, त्याखाली त्याच्या आधीचं मेणकापड आणि त्याखाली एक चादर. चादरीखाली टेबल आहे यावर आम्ही विश्वास ठेवत आलो होतो.

ही व्यवस्था अप्पांची. माझे वडील, शिवानंदअप्पा, एका सूतगिरणीत स्टोअरकीपर होते. वस्तू वापरली की संपते, हे ते नोकरीत शिकले आणि घरी घेऊन आले. आमच्या टीव्हीच्या रिमोटला पिशवी होती, फ्रिजच्या मुठीला मोजा होता, सुटकेसला खोळ होती आणि खोळ मळू नये म्हणून तिच्यावर जुनं धोतर. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचाच ताबा घेतला. "आधी जुनं जमा, मग नवं," असं ते आईला साबणाच्या वडीबद्दलसुद्धा सांगत. आईचं नाव वच्छला. ती उरलेल्या साबणाची कपची त्यांच्या हातावर ठेवून विचारायची, "सही कुठं करू?"

टेबलाच्या बाबतीत मात्र ती पूर्णपणे त्यांच्या बाजूची होती. नवीन पाहुणे आले की "आत सागवान आहे हो" असं म्हणून मेणकापडाचं टोक उचलून दाखवायची, चार बोटं. पाहुणे वाकून बघायचे, टकटक करायचे, "वा" म्हणायचे आणि ती टोक खाली सोडायची. चार बोटांपेक्षा जास्त तिनं कधी उचललं नाही. मेणकापड बदलायचं कामसुद्धा ती एकटी करायची, अप्पा कामावर गेल्यावर.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आई गेली. फार आजारी न पडता, कुणाला फार धावपळ करायला न लावता. मी पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. वाचन हा माझा धंदाच आहे, त्यामुळे मृत्यूबद्दल आणि मागे राहिलेल्यांबद्दल मी आधीच बरंच वाचलं होतं. नंतर आणखी वाचलं. मेणकापडाबद्दल कुणीच काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये सुटी घेऊन सोलापूरला आले तेव्हा कळलं, अप्पा उभ्यानं जेवतात. ओट्यावर ताटली ठेवायची, भिंतीकडे तोंड करून चार घास गिळायचे आणि लगेच ताटली विसळून पालथी घालायची. एसटी सुटेल म्हणून स्टँडवर खावं तसं. मनगटावरचं घड्याळ हात वर केला की कोपरापर्यंत घसरायला लागलं होतं.

"अप्पा, बसून जेवा की."

"टेबल चिकटतंय."

हे खरं होतं. उन्हानं मेणकापड मऊ पडलं होतं. कोपर टेकलं की सुटताना चर्र आवाज यायचा आणि दोन-चार केस अननसावर राहायचे.

"मग खाली बसा."

"गुडघे."

"सोफ्यावर?"

"आणि सोफ्यावर सांडलं म्हणजे?" सोफ्यावर दोन खोळी होत्या, तरी त्यांनी हे विचारलं.

"बरं. टेबल नीट झालं तर बसाल?"

"झालं तर बसतो की. मी कुठं नाही म्हणालो?"

टेबल नीट होणार नाही याची खात्री होती म्हणून ते असं म्हणाले. त्या टेबलाला दोन खुर्च्या समोरासमोर होत्या, एक त्यांची आणि एक तिची. टेबल खराब असणं त्यांच्या सोयीचं होतं. हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही कळत होतं. पण शब्द देऊन बसले होते. माझी सुटी रविवारपर्यंत होती आणि ते उभ्यानं जेवत असताना मला परत जायचं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, टेबलाच्या एका बाजूला उभी राहिले आणि म्हणाले, "धरा."

आम्ही ते ढकलत, ओढत, उंबऱ्याशी भांडत पोर्चमध्ये आणलं. वरचं मेणकापड सहज निघालं. त्याखालचं तुकड्यातुकड्यांनी निघालं. चादर निघेचना. एका टोकाला मी, एका टोकाला अप्पा, असं सोलत गेलो तेव्हा कुठं टेबल उघडं पडलं.

टेबलावर मोर होते.

चादरीच्या विणीतले मोर. इतके उन्हाळे मेणकापडाखाली दबून चादरीची सगळी नक्षी पॉलिशमध्ये उतरली होती. एकामागे एक मोर, मधे चौकटी, कडेला वेलबुट्टी. धागान् धागा मोजता आला असता.

अप्पांनी एका मोरावरून बोट फिरवलं. "खराब होऊ नये म्हणून घातली होती," ते म्हणाले.

"हो."

"चादरीनंच खराब केलं."

"हो, अप्पा."

यावर आम्ही दोघांनी आपापल्या परीनं विचार केला.

"काय अप्पा, टेबल सोलायलाव व्हय?" कंपाउंडच्या भिंतीवरून आवाज आला. शेजारच्या केसरबाई. आईची मैत्रीण. दुपारी शेंगा फोडायच्या, चिंचा निवडायच्या, सगळं या दोघींनी याच टेबलावर केलेलं. आई गेल्यापासून त्या रोज भिंतीवरून डोकावायच्या, घरात मात्र यायच्या नाहीत. आज मोर बघायला फाटक उघडून आल्या. "आगं बया. येवढं चांगलं उमटल्यात. ऱ्हाऊ द्या की असंच."

"घासायचंय," मी म्हणाले. "टेबल नीट झालं की अप्पा बसून जेवणार आहेत."

केसरबाईंनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी मोराकडे पाहिलं.

"मंग घास बाई लौकर," केसरबाई म्हणाल्या आणि जिन्याच्या पायरीवर बैठक मारली.

सामान मी आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं: जाड आणि बारीक काचकागद, स्पिरिट आणि चपडी. चपडी म्हणजे लाखेचे पातळ सोनेरी पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये भिजवले की पॉलिश होतं. काचकागद माझ्या हाती राहिला नाही, अप्पांनी लगेच तो जमा करून घेतला आणि एकेक तुकडा फाडून द्यायला लागले. झिजलेला तुकडा परत केल्याशिवाय नवा नाही. तोही उजेडात धरून तपासायचे. "अजून चालतोय की हा. कडेनं घास."

"अप्पा, वाळूच राहिली नाही त्याला."

"हळू घासलीस तर राहिली असती."

सकाळभर घासलं. पॉलिश निघालं, त्याखालचा तपकिरी रंग निघाला, मोर एकेक करून उडाले. फक्त एका कोपऱ्यातला एक हटवादीपणानं बसून राहिला. आणि मग लाकूड दिसायला लागलं. कडेची चौकट सोनेरी, तिच्यावर काळसर रेघा. सागवान म्हणतात ते हेच, हे मलाही कळलं. पण मधल्या फळ्या वेगळ्याच निघाल्या. लालसर, दाट, रेघांचा पत्ता नाही. आणि घासताना जो भुसा उडत होता त्यानं माझा घसा कडू झाला होता.

केसरबाईंना तीन-चार शिंका आल्या. "लिंबाचा वास येतोय," त्या म्हणाल्या आणि लगेच तोंडाला पदर लावला.

"बाहेरून येत असेल," अप्पा म्हणाले.

"व्हय, व्हय. भायेरनंच."

आमच्या गल्लीत कडुलिंबाचं एकही झाड नाही. अप्पांनी बोट भुशात बुडवलं, जिभेला लावलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी चौकटीवर आडवा हात ठेवून पाहिला. सागवानाची रुंदी बरोबर चार बोटं होती. माझी बोटं आईसारखीच आहेत.

"केसरबाई," अप्पा म्हणाले, "मधे कडुलिंब आहे."

"आसंल."

"तुम्हाला माहीत होतं?"

केसरबाईंनी पदर काढला. "मला कशाला इच्यारता? समद्यास्नी म्हाईत हाय. पलीकडच्या बंगल्यातल्या बाईलाबी म्हाईत हाय." मग त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण आवाज उतरला. "वच्छलाबाईंच्या म्हायेरी, दुदनीला, दारात लिंब हुता. वाऱ्यानं पडला. तवाच तुमचं टेबल चाललं हुतं महेश्वरकडं. त्यो म्हनला, अक्का, सागवान कमी पडतंय. मंग मदी लिंब घातला. आता सागवान कमी पडलं म्हनून लिंब घातला, का लिंब घालायचा हुता म्हनून सागवान कमी पडलं, ते काय तिनं मला सांगितलं न्हाय."

महेश्वरमामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. दुधनीचा सुतार, हसरा माणूस. अप्पांनी स्वतः पसंत केलेलं सागवान त्याच्या हवाली केलं होतं. उरलेल्या सागवानाचं काय झालं ते आता विचारायची सोय नव्हती. मामा जाऊनही दोन-तीन वर्षं झाली होती. लहानपणी दुधनीला त्याच्या घरी आम्ही एका भल्यामोठ्या झोपाळ्यावर बसायचो, एवढं मात्र मला त्या क्षणी आठवलं. मी ते अप्पांना सांगितलं नाही.

अप्पा खाली बसले. गुडघे दुखतात ते विसरून फरशीवर बसले. "आयुष्यभर मी कडुलिंबावर मेणकापड घालतोय," ते म्हणाले. "आणि ही बाई टोक उचलून दाखवतेय. आत सागवान आहे हो! माझ्यादेखत! एकदा साहेबांना दाखवलं तिनं. साहेब वाकले होते!"

"चार बोटं तर हुतंच की खरं," केसरबाई म्हणाल्या. "खोटं कुटं बोलली?"

"महेश्वर गेला, ही गेली. आता मी भांडू कुणाशी?"

"माझ्याशी भांडा. मी हाय की."

आणि अप्पा खरोखर भांडले. आई गेल्यापासून मी त्यांचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी टेबल, दुधनी, बायकोचं माहेर, सुतार नावाची जात, चिंचा निवडताना केलेली कारस्थानं, सगळं काढलं. केसरबाईही कमी नव्हत्या. आईच्या वतीनं त्यांनी सोफ्याच्या दोन खोळी, फ्रिजचा मोजा आणि साबणाची कपची बाहेर काढली. एका फेरीला तर त्या "आमी" म्हणायला लागल्या: "आमी कंटाळलो हुतो तुमच्या त्या स्टोअरला!" मी आपली बारीक कागदानं घासत राहिले. कडुलिंब छान गुळगुळीत होत होता. इतक्यात गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलंय!" पाणी आलं की सोलापुरात भांडण टिकत नाही. दोघंही आपापल्या नळाकडे धावले.

त्या रात्रीही अप्पा ओट्यापाशी उभेच जेवले. पण भिंतीशी बोलत होते. "चार बोटं म्हणे," ते म्हणाले, आणि घास घशात अडकून खोकले. बहुतेक हसले असावेत. पाठमोऱ्या माणसाचं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पॉलिश. हे काम नाजूक असतं, असं मी वाचलं होतं. मऊ कापडात कापूस बांधून बोळा करायचा, तो पॉलिशमध्ये भिजवून हलक्या हातानं फिरवत न्यायचा, मधे थांबायचं नाही.

"कापड हवं, अप्पा. मऊ."

अप्पा आत गेले. कपाट उघडल्याचा, ट्रंक ओढल्याचा आवाज आला. मग ते एक टॉवेल घेऊन आले. घडी न मोडलेला, पिवळा, जाड. ज्या गावात नवा टॉवेल खांद्यावर टाकल्याशिवाय कुठलाही कार्यक्रम संपत नाही, तिथं सरळमार्गी माणसाच्या घरी टॉवेल किती साठतात हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. हा त्यांच्या निरोपसमारंभाचा होता. त्यांनी तो दोन्ही हातांवर आडवा धरून माझ्याकडे दिला. अप्पांनी नवीन माल आपणहून बाहेर काढण्याची ही माझ्या माहितीतली पहिलीच वेळ. त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही.

मला माहीत असायला हवं होतं. नवा टॉवेल लव सोडतो. मी अर्धं टेबल पुरं करेपर्यंत पॉलिश सुकायला लागलं होतं आणि त्यात टॉवेलचे केस अडकले होते. हजारो. उन्हाच्या तिरिपेत टेबल पिवळ्या लवेनं चमकत होतं.

केसरबाई आल्या, बघितलं, हात फिरवला. "अगाई," त्या म्हणाल्या. "टेबलाला मिशा फुटल्या की."

"म्हणून मी नवीन काही काढत नाही," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण समाधानही लपत नव्हतं.

मिशा घासून काढण्यात तो दिवस गेला. संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न. जुनं कापड हवं, सुती हवं, इतकं धुतलेलं हवं की त्याला सोडायला काही उरलं नसेल. चादरी जाड. माझे कुडते मिश्र सुताचे. आईच्या सुती साड्या कपाटात होत्या. ते नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही.

मी इकडेतिकडे पाहिलं आणि मग अप्पांकडे पाहिलं. केसरबाईंनीही पाहिलं. अप्पांनी दोन्ही हात छातीवर घेतले.

ते बनियान घालून काम करत होते. तेच बनियान. त्याचा रंग कधीकाळी पांढरा होता. पाठीवर एक मोठं भोक, काखेत दोन मध्यम आणि पोटावर बारीक चाळण. आईनं त्या बनियानाचं पुसणं करायचा किती वेळा प्रयत्न केला त्याला गणती नाही. ती ते दोरीवरून उचलायची, हे बादलीतून परत आणायचे. एकदा तिनं ते अर्धं फाडलंही होतं. अप्पांनी स्वतः सुईदोरा घेऊन शिवलं. "घरी कोण बघतंय?" हे त्यांचं म्हणणं. "मी बघतेय," हे तिचं.

"अप्पा," मी म्हणाले.

"यात अजून जीव आहे."

"अप्पा."

"दुसरं काहीतरी असेल."

"वच्छलाबाई वरनं हसत आसंल बगा," केसरबाई म्हणाल्या. "द्या आता. जुनं जमा करा."

अप्पा आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा अंगात शर्ट होता, सगळी बटणं लावलेला, आणि हातात बनियान. धुतलेलं, पिळलेलं, चौकोनी घडी घातलेलं. ओलं होतं, त्यामुळे ते वाळेपर्यंत थांबावं लागलं. पण त्या उन्हाळ्यात त्याला काय वेळ लागतोय.

त्याच्यासारखं कापड मी पुन्हा पाहणार नाही. बोळा लाकडावरून असा गेला की आवाजसुद्धा नाही. पहिल्या हाताला सागवान उजळलं आणि कडुलिंबानं लाल रंग धरला. दुसऱ्या हाताला दोन्ही चमकायला लागले. अप्पा मागे उभे राहून बघत होते. "भोकाची बाजू आत घे," एवढंच म्हणाले.

इथून पुढं खरी अडचण सुरू झाली. टेबल नीट होत चाललं होतं.

अप्पा बॅटरी घेऊन टेबलाची तपासणी करायला लागले. "इथं एक हात कमी पडलाय." मी तो दिला. "पाय राहिले." पाय केले. "तो कोपऱ्यातला मोर अजून दिसतोय." तो तिरप्या उजेडात, एका डोळ्यानं बघितलं तर दिसत होता. मी म्हणाले, राहू दे, एक तरी राहू दे. ते म्हणाले, मग ते नीट झालं असं म्हणता येणार नाही. शनिवारी आम्ही टेबल आत आणून त्याच्या जागी ठेवलं. तेव्हा त्यांनी एका पायाखाली कागदाची घडी सरकवली, काढली, पुन्हा सरकवली. जेवायच्या वेळी ताटली घेऊन ओट्याकडे गेले. "वास आहे स्पिरिटचा," ते भिंतीला म्हणाले. "उद्या बघू."

रविवारी सकाळी ते न सांगता बाहेर पडले. मी आमटी करत होते. भाकऱ्या माझ्या फाटतात, त्यामुळे त्या केसरबाईंकडून आल्या होत्या, आणि वर निरोप: "अप्पा बसलं की हाळी मार, मी बगायला येते." अप्पा परत आले ते घामानं निथळत, काखेत एक लांब गुंडाळी घेऊन. नवी पेठ सगळी पायी हिंडले होते.

"हे बघ," ते म्हणाले. "जाड प्लास्टिक. पारदर्शक. लाकूड सगळं दिसेल, आणि काही होणार नाही त्याला."

मी गुंडाळीकडे पाहिलं. "छान आहे. आधी जेवून घेऊ?"

"अगं, पॉलिश कच्चं आहे अजून. दुकानात विचारून आलोय मी. आठ-पंधरा दिवस तरी मुरायला लागतंय. गरम ठेवायचं नाही, ओलं ठेवायचं नाही. स्पिरिटचं पॉलिश लई नाजूक. गरम भांडं टेकलं की पांढरा डाग, कायमचा." त्यांनी ताटली हातात घेतली. "तू जाऊन ये पुण्याला निवांत. ते मुरलं की मी प्लास्टिक घालतो आणि बसतो. काळजी करू नको."

ते ओट्याकडे वळले. ते खोटं बोलत नव्हते. पॉलिश मुरलं की ते प्लास्टिक घालणार होते. प्लास्टिकवर चरे पडू नयेत म्हणून चादर घालणार होते. आणि उभ्यानं जेवणार होते. संध्याकाळी माझी बस होती.

मी सांडशीनं आमटीचं पातेलं उचललं. ते अजून रटरटत होतं. टेबलापाशी गेले. इतक्या दिवसांत पाठ, खांदे आणि दहाही नखं गेली होती त्या टेबलापायी. दुपारच्या उजेडात ते तळ्यासारखं शांत होतं. मी पातेलं मधोमध ठेवलं.

काही आवाज झाला नाही. नुसतं ठक, धातूचं लाकडावर होतं तेवढंच. पण अप्पांनी मान वळवली.

मी पातेलं उचललं. खाली पांढरं, गोल, पूर्ण कडं उमटलं होतं.

अप्पा ताटली घेऊन तिथंच उभे राहिले. "गरम होतं?"

"हो."

"खाली काही ठेवायला विसरलीस?"

"नाही," मी म्हणाले. "विसरले नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांडशी घट्ट धरून उभी होते. त्यांनी ताटली ठेवली, टेबलाच्या कडेवर. वाकले. बोट डागावरून गोल फिरवलं, नखानं खरवडून पाहिलं. मग कडेपासून मापायला लागले, आडवा हात ठेवून: चार बोटं, आणि पुढं आणखी चार, आणि आणखी. डागापाशी पोचेपर्यंत.

"सागवानाला लागलं नाही," ते म्हणाले.

"नाही."

"तिच्या माहेरावर पडलाय." कडेवरची ताटली त्यांनी पुढं सरकवली. "चालतंय."

त्यांनी खुर्ची ओढली. आपलीच. बसले, गुडघा चोळला, दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि उचलून पाहिली. चर्र झालं नाही. पुन्हा टेकली.

"हाळी मारू का केसरबाईंना?" मी विचारलं. "बघायला येणार होत्या."

"आधी जेवू दे. आल्या की पुन्हा भांडावं लागंल." त्यांनी भाकरी मोडली. मग माझ्या हातातल्या पातेल्याकडे मान केली. "ते परत तिथंच ठेव, त्याच डागावर. दुसरा डाग नको."

मी नेमकं त्या कड्यात पातेलं ठेवलं. समोरच्या खुर्चीवर प्लास्टिकची गुंडाळी होती. ती उचलून मी कोपऱ्यात उभी केली आणि तिथं बसले.

"आमटीत मीठ कमी आहे," अप्पा म्हणाले, आणि आणखी वाढून घेतली.